गेलेल्या माणसाची हजेरी

आमच्या ऑफिसातून दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेला एक माणूस रोज कामाला येत होता आणि हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. त्यालाही नाही.

लातूरला औसा रोडवर, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. माणसं नऊ. साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो: उसाची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, काट्यावरचं वजन, शेतकऱ्याचं बिल. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यायची, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तो किती पाळला जातो हे ज्याचा ऊस जातो त्याला विचारा. पण बिलाचा हिशोब आमच्याकडून वेळेवर निघावाच लागतो, नाहीतर सगळं खापर आमच्या माथी.

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्री साडेनऊला मी ऑफिसात एकटीच बसून क्लाउडट्रेल उघडलं होतं. आमचे सर्व्हर ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या सेवेकडून भाड्याने घेतलेले आहेत, आणि क्लाउडट्रेल म्हणजे तिथली हजेरीची वही. कोणी, कधी, कुठून काय केलं ते तिच्यात उमटतं. पानामागून पान उलटलं तरी नाव एकच, आमच्या त्या जुन्या सहकाऱ्याचं. मंगळवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने सर्व्हरवर नवं व्हर्जन चढवलं होतं. मंगळवारी रात्री दोनला तो पुण्यात स्वतःच्या घरी झोपलेला असणार, कारण त्याला तान्हं बाळ आहे आणि तो हल्ली फक्त झोपेबद्दलच बोलतो.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. आमचा कोड गिटहब नावाच्या साइटवर असतो. तिथे मेन ब्रँचला, म्हणजे कोडच्या मुख्य प्रतीत, काही टाकलं की पुढचं सगळं आपोआप होतं. टेस्ट चालतात, इमेज म्हणजे चालवायला तयार गठ्ठा बनतो, तो मुंबई रीजनमधल्या सर्व्हरवर जातो. ही पाइपलाइन २०१९ मध्ये त्याने उभी केली. तिला एडब्ल्यूएसमध्ये शिरायला की, म्हणजे पासवर्डसारखी अक्षरांची लांब ओळ, लागत होती, म्हणून त्याने स्वतःच्या युजरची की तिला दिली. त्या युजरला ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे अधिकार होते. तेव्हा ऑफिसात तिघंच होते, कोण कशाला विचार करतंय. तो गेला, त्याचा लॅपटॉप परत आला, ईमेल बंद झाला, निरोपाला पेढे वाटले. की तेवढी राहिली. एडब्ल्यूएसची अशी की आपण होऊन कधी संपत नाही.

मी ती वही का उघडली होती, ते मात्र लाजिरवाणं आहे.

आमच्याकडे एक इंटर्न आहे, इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजचा. पाइपलाइन अडत होती म्हणून ती की नीट पोहोचतेय का ते बघायला त्याने ती लॉगमध्ये, म्हणजे पाइपलाइनच्या कामाच्या नोंदीत, छापली. गिटहब अशी गुपितं लॉगमध्ये झाकतं, त्याला नुसत्या चांदण्या दिसल्या. चांदण्या बघून काही कळेना, म्हणून त्याने ती बेस-६४ मध्ये, म्हणजे तीच अक्षरं दुसऱ्या रूपात लिहायच्या पद्धतीत, बदलून छापली. झाकण्याची सोय जशीच्या तशी अक्षरं आली तरच चालते, रूप बदललं की तिला ओळख पटत नाही. त्यामुळे आमची की तीन आठवडे लॉगमध्ये उघडी पडून होती. उलट फिरवायला एक ओळ पुरे. मी दाखवल्यावर पोराचा चेहरा उतरला. "ताई, मला वाटलं चांदण्याच जायल्यात सर्व्हरला." त्याला काय बोलणार? त्याच वर्षी मार्चमध्ये गिटहबवरच्या टीजे-ॲक्शन्स नावाच्या एका तयार घटकात कोणीतरी घुसून हेच मुद्दाम केलं होतं. गुपितं दोनदा बेस-६४ करून लॉगमध्ये ओतली, आणि तो घटक २३,००० हून जास्त रेपो, म्हणजे कोडची खाती, वापरत होत्या. आमच्या पोराने एकदाच केलं होतं आणि आमची रेपो खाजगी होती, एवढाच आमचा दिलासा.

खाजगी म्हणजे किती खाजगी, हे बघायला सदस्यांची यादी काढली. चौदा जण. ऑफिसात नऊ.

म्हणून त्या रात्री हजेरीची वही. कोणी बाहेरचा आमची की वापरून आत येऊन गेला का, हे शोधायचं होतं. आणि तिथेच मती गुंग झाली. आमची पाइपलाइन गिटहबच्या मशीनवर चालते, दर वेळी मशीन वेगळं, आयपी पत्ता वेगळा. चोर आला असता तरी वहीत नाव आमच्या त्या जुन्या सहकाऱ्याचंच पडलं असतं. पाइपलाइन, चोर आणि पुण्याचा आमचा मित्र, तिघांची हजेरी एकाच सहीने. दोन रात्री घालवून मी एकेक ओळ पाइपलाइनच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिली. वावगं काही निघालं नाही. पण वहीतच एक आणखी उणीव निघाली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस जपायला हवेत, आणि क्लाउडट्रेलची आपोआप मिळणारी वही ९० दिवसांचीच असते. पुढचं हवं तर वेगळं साठवायला सांगावं लागतं. आम्ही सांगितलंच नव्हतं. ते त्याच रात्री चालू केलं.

दुसऱ्या दिवशी जे कोणीही करेल तेच केलं. नवी की काढली. एका युजरला दोन की ठेवता येतात, ती सोय अदलाबदलीसाठीच असते. चार रेपोंमध्ये नवी टाकली, जुनी निष्क्रिय केली, चहा घेतला. रविवारी सकाळी एका कारखान्याच्या शेतकी विभागातून फोन. आडसाली लागणीच्या नोंदी चालू होत्या, आणि शुक्रवार संध्याकाळपासून नोंदीचा एकही एसएमएस शेतकऱ्याला गेला नव्हता. शोधत गेले तर एका कोपऱ्यातल्या मशीनवर एक स्क्रिप्ट सापडली, तिच्यात तीच जुनी की थेट कोडमध्ये लिहिलेली. चार ठिकाणं माहीत होती, हे पाचवं. मग आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कीची पहिली चार अक्षरं टाकून शोधलं. २०२० मध्ये "की पाठव रे" आणि त्याखाली अख्खी की, वर दोन अंगठे. सहावं ठिकाण.

आमच्या सरांना मी म्हणाले, "की बदलून उपयोग नाही, कीच नको." ते म्हणाले, "चालतंय ना? मग कशाला हात लावायलीस? हंगाम तोंडावर आलाय." हंगाम नोव्हेंबरात. मी बॉयलर पेटायच्या आत पूर्ण करते म्हणाले. तेव्हा मला वाटलं होतं आठवड्याचं काम आहे.

*

हे जे करायचं होतं त्याला ओआयडीसी म्हणतात, ओपनआयडी कनेक्ट. गिटहबच्या पाइपलाइनला ते २०२१ पासून मिळतं, म्हणजे आम्ही चार वर्षं उशिरा जागे झालो. तत्त्व मी वाचून समजून घेतलं होतं, पण ते खरं डोक्यात बसलं गावाकडे, अण्णांशी बोलताना.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात चिटबॉय होते. ज्यांच्या गावात ऊस नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतात तोड लागली की चिटबॉय चिट फाडतो. तिच्यावर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात, गाडी नंबर, तारीख. गाडी काट्यावर आली की कारकून चिट बघतो, मग वजन. काट्यावरच्या कारकुनाला शेतकरी ओळखीचा असायची गरज नसते. तो चिट ओळखतो. चिट त्या खेपेपुरती, उद्या तीच दाखवून दुसरी गाडी आत येत नाही.

पाइपलाइनचं टोकन अगदी असंच. पाइपलाइन धावायला लागली की ती गिटहबकडे चिट मागते. गिटहब लिहून देतं: ही अमुक संस्थेची, अमुक रेपो, अमुक ब्रँच, आत्ता चालू आहे. खाली स्वतःची डिजिटल सही. ती चिट घेऊन पाइपलाइन एडब्ल्यूएसच्या दारात जाते. एडब्ल्यूएस गिटहबच्या जाहीर किल्लीने सही तपासतं, चिटवरचा मजकूर आपल्या नियमाशी ताडून बघतं, आणि पटलं तर थोड्या वेळापुरती परवानगी देतं. कायमची की कुठेच ठेवायची नाही. तात्पुरत्या कीची सुरुवातही वेगळी असते. कायमची एकेआयए अशा चार अक्षरांनी सुरू होते, तात्पुरती एएसआयए ने.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं, संगणक वगळून. त्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "शिक्का कुणाचा?"

"गिटहबचा. सगळ्या जगाला तोच शिक्का."

"मग काय कामाचं गं. शिक्का खरा असून भागत नाही, ऊस कुठल्या रानातला ते बघावं लागतंय."

आणि त्यांनी एका पठ्ठ्याची गोष्ट सांगितली. सभासदाच्या नावावर चिट फाडून घ्यायची आणि बिगरसभासद भावकीचा ऊस तिच्यावर घालायचा. चिट खरी, सही खरी, शिक्का खरा, ऊस दुसऱ्याचा. अण्णा गट नंबर आणि किती सरी तुटल्या हे वहीत लिहून ठेवायचे म्हणून धरलं गेलं.

मी घरी येऊन आमच्या ट्रस्ट पॉलिसीचा मसुदा पुन्हा वाचला. ट्रस्ट पॉलिसी म्हणजे काट्यावरच्या कारकुनाला दिलेली सूचना. मी तिच्यात लिहिलं होतं की चिट गिटहबची हवी, आणि एडब्ल्यूएसच्या नावे काढलेली हवी. बास. म्हणजे गिटहबवर खातं असलेला जगातला कोणताही माणूस स्वतःच्या रेपोमधून चिट काढून आमच्या दारात आला असता, तर त्या सूचनेप्रमाणे शिक्का खरा बघून त्याला आत घ्यायचं, त्याला फक्त आमचा रोल, म्हणजे ज्या नावाने ही तात्पुरती परवानगी मिळते ते नाव, माहीत हवं. अजून काही चालू केलेलं नव्हतं म्हणून बरं. चिटवर 'सब' नावाचा एक रकाना असतो, सब्जेक्टचा सब. त्यात संस्था, रेपो आणि ब्रँच एका ओळीत गुंफलेली असते. हाच गट नंबर. तो तपासायची ओळ मी लिहिली.

*

मग पहिला प्रयत्न. पाइपलाइनला चिट मागायचीच परवानगी नव्हती. फाइलमध्ये आयडी-टोकनसाठी 'राइट' असं स्पष्ट लिहावं लागतं, ते लिहिलं. दुसरा प्रयत्न: परवानगी नाकारली. तिसरा: परवानगी नाकारली. एडब्ल्यूएस कारण सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे. दारावर आलेल्या अनोळखी माणसाला 'तुझा गट नंबर चुकला' असं कोण सांगतं? पण आपण स्वतःच दाराबाहेर उभे असलो की तो बरोबरपणा फार सोसवत नाही.

संध्याकाळचे सात. लाइट गेली, इन्व्हर्टरवर पंखा बंद. मी संस्थेच्या नावातलं प्रत्येक अक्षर तपासलं, कारण इथे लहान-मोठ्या इंग्रजी लिपीचाही फरक धरतात. रेपोचं नाव तपासलं. ब्रँच तपासली. सगळं बरोबर. शेवटी म्हटलं, चिटवर खरंच काय लिहून येतंय ते बघू, आणि टोकन लॉगमध्ये छापायची ओळ लिहायला घेतली.

मागून इंटर्न म्हणाला, "ताई, तुम्ही पण?"

मी हात कीबोर्डवरून उचलले. खरंच की. टोकन काही मिनिटांत संपत असलं तरी तेवढा वेळ ती चालती चिटच असते. टोकनचे टिंबांनी जोडलेले तीन तुकडे असतात. मधल्या तुकड्यात मजकूर, शेवटच्यात सही. त्यानेच मधला तुकडा उलगडून त्यातला फक्त 'सब' छापायची ओळ लिहिली. आला तो असा: रेपो, आमची संस्था, रेपोचं नाव, आणि पुढे ब्रँचच्या जागी 'एन्व्हायर्नमेंट प्रॉडक्शन'.

झालं होतं ते असं. डिप्लॉयच्या, म्हणजे सर्व्हरवर नवं व्हर्जन चढवायच्या, कामाला आम्ही गिटहबमध्ये 'प्रॉडक्शन' असं एन्व्हायर्नमेंटचं नाव, म्हणजे कोड कुठे जातोय त्याची पाटी, लावलं होतं, कधीतरी, डॅशबोर्डवर नीट दिसावं म्हणून. तसं नाव लावलं की चिटवरच्या त्या रकान्यात ब्रँच येतच नाही, तिच्या जागी एन्व्हायर्नमेंट येतं. मी दारावर ब्रँच शोधायला सांगून ठेवलं होतं आणि चिटवर ब्रँचच नव्हती. पॉलिसीत ओळ बदलली. चालवलं. हिरवी टिक. पोराने टाळी वाजवली, खालून दवाखान्याच्या वॉचमनने शिटी. जिन्यात दिवे नाहीत, लवकर निघा म्हणून.

मी घरी जाऊन जेवले आणि भाकरी हातात असतानाच माझ्या डोक्यात आलं. चिटवर ब्रँच येत नाही. म्हणजे दारावर ब्रँच तपासली जातच नाही.

सकाळी आठला ऑफिसात जाऊन मी एक नवी ब्रँच काढली, तिचं नाव 'चोर' ठेवलं. पाइपलाइनची फाइल ब्रँचमध्येच असते, ती कोणीही बदलू शकतो. मी तिच्यात सगळ्या टेस्ट काढून टाकल्या, एकच काम ठेवलं, त्याला 'प्रॉडक्शन' नाव लावलं आणि ढकललं. दुसऱ्या कोणाची मंजुरी नाही, मेनशी काही संबंध नाही. हिरवी टिक. ज्या सर्व्हरवर शेतकऱ्यांचे खाते नंबर आहेत त्याचे अधिकार माझ्या 'चोर' ब्रँचच्या हातात. पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

यावर उपाय एडब्ल्यूएसच्या बाजूला नाही, गिटहबच्या बाजूला आहे. एन्व्हायर्नमेंटलाच सांगायचं की तुझं नाव फक्त मेन ब्रँचने लावायचं. आणि मेनला कुलूप, दुसऱ्या माणसाने वाचून मंजूर केल्याशिवाय तिच्यात काही जात नाही. हे दोन केल्यावर 'चोर' पुन्हा ढकलली. लाल फुली. मला आयुष्यात लाल फुलीने एवढा आनंद कधी दिला नव्हता. ती ब्रँच मी अजून पुसलेली नाही, काही बदललं की आधी तिच्यावरून जाऊन बघते.

ओआयडीसी केलं म्हणजे सुरक्षित झालो, असं सांगणाऱ्यांना मी आता एकच विचारते, दुसऱ्या ब्रँचमधून चालवून बघितलंय का?

*

पुढचा भाग रटाळ आहे आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. जुन्या कीला सगळं करायची मुभा होती. नव्या रोलला किती द्यायची? आम्हाला माहीतच नव्हतं पाइपलाइन नक्की काय काय करते. एडब्ल्यूएसमध्ये दिसतं की एखाद्या युजरने कोणती सेवा शेवटची कधी वापरली. ती यादी काढली तर शेकडो सेवांपैकी सात वापरल्या होत्या. मग दोन रोल केले, एक फक्त इमेज चढवणारा, दुसरा सर्व्हरवर बदल करणारा. टेस्टवाल्या कामाला एकही नाही, त्याला एडब्ल्यूएसशी काय देणंघेणं? एकेक परवानगी द्यायची, चालवायचं, कुठे अडतं बघायचं, पुढची द्यायची. आठवड्याचं काम सहा आठवड्यांवर गेलं.

त्यात सप्टेंबर. त्या महिन्यात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो ज्यांनी बघितला ते विसरणार नाहीत. मांजराकाठची शिवारं पाण्याखाली, ऊस आडवा, सोयाबीनचं तर विचारूच नका. ऑफिसातले चौघं शेतकरी घरातले. दोघं आठ दिवस गावाकडे अडकले होते. पंचनाम्याच्या रांगेत उभा असलेल्या माणसाला मी परवानग्यांची यादी विचारायला फोन करत होते, आणि तो बिचारा सांगतही होता.

मुदतीतही मी एक शहाणपणा केला. रोलची तात्पुरती परवानगी सहसा एक तासाची असते, कमीत कमी १५ मिनिटांची करता येते. मी म्हटलं, कडक करू, पंधराच. आमचं डिप्लॉय अकरा मिनिटांत होतं. पण ऊस नोंदीच्या मोठ्या टेबलात एक नवा रकाना घालायचा होता, ते कामच बावीस मिनिटांचं निघालं. मधेच टोकन संपलं. डेटाबेस नवा, कोड जुना, दोघं एकमेकांकडे बघत बसले. चाचणीच्या सर्व्हरवर झालं म्हणून निभावलं, हंगामात काट्यावर झालं असतं तर गाड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली असती. परत एक तास केला.

सरांचा प्रश्न उरला होता. "आणि गिटहबच बंद पडलं तर? रात्री तीनला काटा अडला तर मी चिट कुणाकडून फाडून आणू?" प्रश्न रास्त होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी एक वेगळा युजर केला, संकटापुरता. त्याचा पासवर्ड छापून पाकिटात, लाखेऐवजी फेव्हिकॉल आणि सरांची आडवी सही. दुसऱ्या टप्प्याचा कोड देणारं छोटं यंत्र वेगळ्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे. त्या युजरने कोणी आत शिरलं की आम्हा तिघांचे फोन एकदम वाजतात. पाकीट सरांच्या तिजोरीत, भाडेकराराच्या शेजारी. एकदा सरावासाठी फोडलं तर कळलं की पासवर्डमध्ये मोठा ओ आहे की शून्य हे छापलेल्या कागदावर ओळखू येत नाही. दुसरं पाकीट केलं.

*

दसऱ्यानंतर सगळ्या रेपो नव्या वाटेने जायला लागल्या. त्या युजरची कायमची की आता कोणी वापरत नव्हतं, पण एसएमएसचा रविवार आठवत होता, म्हणून ती नुसती निष्क्रिय करून पंधरा दिवस ठेवली. रोज सकाळी 'शेवटचा वापर' बघायचा. तारीख पुढे सरकली नाही. हजेरीच्या वहीत आता माणसाच्या नावाऐवजी 'सब'ची अख्खी ओळ उमटत होती. कोणती रेपो, कोणतं एन्व्हायर्नमेंट. प्रत्येक खेपेला तिचा क्रमांक, आणि त्या क्रमांकावरून गिटहबवर गेलं की कोणी लिहिलं, कोणी वाचून मंजूर केलं. रात्री दोनला काही झालं तर आता मला पुण्यातल्या माणसाच्या झोपेचा अंदाज बांधावा लागत नाही.

एका कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन होतं, सर आणि बाकीचे तिकडे गेले होते. ऑफिसात मी आणि इंटर्न. युजर काढून टाकायला गेले तर एडब्ल्यूएस खात्री करून घ्यायला त्याचं नाव टाइप करायला लावतं. मी टाइप केलं आणि थांबले. उगाच वाटलं, न सांगता कसं पुसायचं. त्याला फोन लावला.

"म्हणजे दोन वर्षं मीच डिप्लॉय करत होतो?" मागे बाळ रडत होतं.

"हो. जवळजवळ रोज."

"आणि काही झालं असतं तर?"

"तुझंच नाव आलं असतं."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पुस आधी. फोनवर असतानाच पुस." पुसलं. त्याने विचारलं पेढे कोण देणार, मी म्हटलं लातूरला ये.

मोळी टाकायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या, आदल्या दिवशी मी एका कारखान्याच्या काट्यावर गेले होते. तिथला संगणक जुना, विंडोजचा, त्याच्यावर धुळीचा थर आणि माउसखाली मागच्या हंगामाचं कॅलेंडर. तो वजनाच्या फाइली थेट एडब्ल्यूएसला पाठवतो. त्याला गिटहब नाही, चिट फाडून द्यायला कोणी नाही, म्हणून त्याच्यात अजून कायमची की आहे. प्रमाणपत्र देऊन अशा मशीनलाही तात्पुरती परवानगी देता येते, आयएएम रोल्स एनीव्हेअर नावाची सोय त्यासाठीच आहे. पण चालू हंगामात काट्याला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला अलिखित नियम, तो मीही मोडणार नाही. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, बघू असं ठरलं. तोपर्यंत ती की निदान नोंदवून ठेवावी म्हणून मी सेटिंगची फाइल उघडली, शेवटची चार अक्षरं वहीत लिहिली, आणि ऑफिसात येऊन ती कोणत्या युजरची आहे ते शोधलं.

माझी होती.